सगळ्यात हळू गाडीची रांग

परवा शंभूला अंगणवाडीतून घेऊन येत होते तर मैदानावर ट्रक लागलेले दिसले. लोखंडी पाईप, खुर्च्या, रंग उडालेले घोडे, सगळं मातीत उलटंपालटं टाकलेलं. आकाशपाळण्याचा नुसता सांगाडा उभा, त्याला अजून एकबी पाळणा लागला नव्हता, आन त्याच्या बुडाशी झुकझुक गाडीचं इंजिन आडवं पडलेलं, चाकं आभाळाकडं करून. शंभूनं माझा हात सोडला आन पळत सुटला, आई गाडी आली, आपली गाडी आली, असं ओरडत. दुसरी कुणी असती तर म्हणली असती, हळू पळ, पडशील. मी त्याच्या पायाकडं बघत राह्यले. टाच टेकती का. पळताना कंबर हालती का. बघता बघता मी रस्त्याच्या कडंलाच बसले. तिथल्या कणसं भाजणाऱ्या बाईनं विचारलं, चक्कर आली का गं? म्हणलं, नाय, ऊन लागलं.

नवरात्र आलं की मला ऊनच लागतंय.

ऊन पण त्या दिवसांत तसंच असतं म्हणा. पाऊस गेलेला असतो पण पुरता गेलेला नसतो, चिखल वाळून त्याला भेगा पडलेल्या, आन दुपारी असा चटका बसतो की डोक्यावरचा पदर गरम होतो. घरात घट बसलेला. पत्रावळीवर काळी माती, मातीत गहू-ज्वारी, तिसऱ्या-चौथ्या माळेला पांढरे कोंब वर येत्यात आन मंग बघता बघता हिरवे होऊन ताठ उभे राहत्यात. मला ते धान उभं राहताना बघायला लई आवडायचं. लहान होते तवा मी घटासमोर पालथी पडून बघायची, वाटायचं आत्ता हालंल, आत्ता वाढंल. आता घटाला पाणी घालते आन तोंड फिरवून घेते.

संध्याकाळी जत्रेकडून वारा आला की आमच्या उस्मानपुऱ्याच्या गल्लीपातूर जनरेटरच्या डिझेलचा वास येतोय असं मला वाटतं. येत नसंल. मधी एवढी घरं, कसा येईल. पण डिझेल, झेंडू, भज्याचं तेल आन पोरांच्या घामाचा आंबूस वास, हे सगळं एकत्र होऊन माझ्या नाकात बसलंय गेल्या वर्षीपासून, ते जात नाय.

एक गोष्ट मला कवापासून कळत नव्हती. जत्रेत एवढे पाळणे असत्यात. टोराटोरा असतो, ब्रेकडान्स असतो, ती मोठी नाव असती जी आभाळात जाऊन उलटी व्हायला बघती. तिथं लाईट, गाणी, पोरींच्या बोंबा. पण रांग म्हणाल तर इवलीशी. आन झुकझुक गाडी बघा. लहान पोरांची, गोल रुळावर म्हशीच्या चालीनं फिरती. म्हातारा माणूस शेजारून चालत निघाला तर गाडीच्या पुढं जाईल. तिची रांग मात्र पार चपलांच्या दुकानांच्या मागं वळलेली. एवढं काय हाय त्या गाडीत? ना जोर, ना उंची, ना पोटात गोळा येतोय. तरी माणसं उभी, पोरं काखंत घेऊन, पाय बदलत.

गेल्या वर्षी आमच्या संगं शेजारच्या नसीमआपा आल्या होत्या. त्या साड्यांना फॉल-पिको करत्यात, दिवसभर मशीनवर वाकून वाकून मान धरलेली, पण पोरांचं म्हणलं की बुरखा अडकवून तयार. ह्यांना टेम्पो घेऊन जालन्याला जायचं होतं, मला एकटीला दोन पोरं झेपली नसती, म्हणून आपा म्हणल्या, मी येते. रांग बघून त्यांनी कमरंवर हात ठेवला आन म्हणल्या, "इत्ती देर में तो मैं तेरे मायके देवगाव पैदल जाको आ जाती." मी हसले. माझं माहेर देवगाव रंगारीच्या पुढं, माळावरची वस्ती. गेल्या वर्षी त्या वेळंपातूर मला हसू येत होतं.

गाडीवाला यूपीकडचा होता, गळ्यात शिट्टी, कपाळाला गुलाल. आपांनी त्यालाच विचारलं, ऐसा क्यों रे बाबा. त्याला बोलायला कुणी भेटलं नसंल, त्यानं सगळं सांगितलं. म्हणला, नावंत माणसं धडाधडा चढत्यात, धडाधडा उतरत्यात, बसताना कुणाला हात द्यावा लागत नाय. आन जो एकदा बसला तो परत येत नाय, उतरून उलटी करतो न् घरी जातो. हितं एकेक पोर आईला उचलून बसवावं लागतं. कुणाची चप्पल पडती, कुणाला इंजिनातच बसायचं असतं, कुणी बसल्या बसल्या रडायला लागतं, त्याला उतरवा, दुसऱ्याला बसवा. डबे मोजके. साखळी लावल्याशिवाय गाडी हालवता येत नाय. आन गाडी थांबली की निम्मी पोरं उतरतच नायत, उतरली तर रांगेच्या शेवटाला परत जाऊन उभी. शिवाय ही गाडी सगळ्यांना चालती. पोटुशी बाई बसती, म्हातारी बसती, अंगावरचं दूध पिणारं बसतं. ज्याला कशालाच घेत नायत तो हितं येतो.

हे शेवटचं त्यानं सहज म्हणलं. पण मला ते लागलं.

कारण माझा थोरला, ओंकार, त्याला दुसऱ्या कशालाच घेत नव्हते.

ओंकार आता नऊ वर्षांचा हाय. पाच वर्षांचा होता तवा जिना चढताना कठड्याला लोंबकळायचा. आम्हाला वाटायचं आळशी हाय. शाळेत पोरं बदक म्हणायची, कारण तो टाचा न टेकवता, पोट पुढं काढून चालायचा. मी पण एकदा-दोनदा रागानं म्हणलं, नीट चाल की रे. मंग मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईनं त्याला फरशीवर बसवलं आन म्हणाल्या, उठ बाळा. तो त्याच्या पद्धतीनं उठला. म्हणजे आधी पालथा झाला, दोन्ही हात जमिनीवर टेकले, ढुंगण वर काढलं, मंग एक हात गुडघ्यावर, मंग दुसरा हात दुसऱ्या गुडघ्यावर, मंग हात मांडीवर सरकवत सरकवत वर आला. आपल्याच अंगाच्या शिडीवर चढावं तसा. आम्हाला त्यात काय वाटायचं नाय, त्याची सवय होती ती. बाईंनी त्याला परत बसवलं, परत उठवलं, आन त्यांचं तोंड बदललं. रक्त तपासलं ते नंतर, पण मला कळलं ते तिथंच, त्यांच्या तोंडाकडं बघून.

अंगातलं मास झिजत जाणारा आजार हाय म्हणाल्या. डीएमडी म्हणत्यात. आधी पाय जात्यात, मंग हात, मंग श्वास. औषध हाय ते नुसतं हळू करायला, बरं करायला नाय. आन हा पोरांनाच होतो, पोरींना शक्यतो नाय, आन बहुतेक आईकडून येतो. आईला काय होत नाय. मी आठवीपातूर शिकलेली, मला बाकीचं कळलं नाय पण आईकडून हे कळलं. आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूला, तेवढंच कळलं. तवापासून त्या घरी आलेल्या बायांना सांगत्यात, आमच्या घराण्यात असलं कायी नव्हतं बाई.

तवा शंभू माझ्या पोटात होता.

त्या वर्षी नवरात्रात मी देवीची ओटी भरायला गेले. तिथं बाया पोरगा मागायला येत्यात, नारळ, खण, हिरव्या बांगड्या. मी पोरगी मागितली. मागं उभी असलेली म्हातारी माझं पुटपुटणं ऐकून, माझ्या कडंच्या ओंकारकडं बघून म्हणाली, येडी का काय, पहिला पोरगा हाय म्हणून माजली व्हय. मी ओटी भरली न् निघाले. मंग शंभू झाला. आत्याबाईंनी सगळ्या गल्लीत पेढे वाटले, मी पेढा तोंडात धरून बसले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, पोरगा झाला तर होईल नायतर होणार नाय, निम्मं-निम्मं. रक्त तपासून घ्या. हे म्हणले, तपासून काय करायचं, औषध हाय का? नाय ना? मंग जितके दिवस माहीत नाय तितके दिवस तर हसून काढू. मला तवा राग आला होता ह्यांचा. पण मी पण शंभूला घेऊन तपासायला गेले नाय. अजून नाय गेले.

तर गेल्या वर्षी, त्या रांगेत, माझं सगळं ध्यान कशात होतं तर शंभू उठतो कसा ह्यात. तेव्हा तो तीन वर्षांचा होता. आन ती असली रांग की चार पावलं सरकली की परत थांबणार. पोरं थांबली की खाली बसत्यात. मातीत रेघा काढत्यात, दुसऱ्याच्या चपला ओढत्यात. रांग सरकली की सगळी उठत्यात. शंभू बसला की मी त्याच्या मागं जाऊन उभी राहायची. आन रांग हालली की तो उठायच्या आत मी त्याच्या बगलंत हात घालून त्याला उचलून उभा करायची. दर वेळंला. मला त्याला उठताना बघायचंच नव्हतं. आपा म्हणाल्या पण, उसको उठने दे, पाँव हैं उसके. मी म्हणलं, कपडे घाण होत्यात. कपडे तर आधीच घाण झाले होते.

माझ्या आबांनी हे बघितलं असतं तर मला बोलले असते. आबा मेंढरं वळायचे, आम्ही धनगर. जितराब व्यायला लागलं की आबा तिथंच उकिडवे बसायचे. कोकरू पडलं की मेंढी त्याला चाटायची, आन ते उठायची धडपड करायचं, मागचे पाय ताठ करायचं, पुढचे दुमडायचे, तोंडावर पडायचं. मला लहानपणी राहवायचं नाय, मी धरायला जायची. आबा माझा हात मागं ओढायचे. हात लावायचा नाय म्हणायचे, त्याचं त्याला उठू दे, कसं उठतंय ते बघू दे, उठण्यावरनं कळतं त्याचं काय होणार. आन खरंच, आबा नुसतं उठण्यावरनं सांगायचे की हे कळपासंगं चालंल आन हे नाय. जे उठायचं नाय त्याला मात्र आबा हात लावायचे. त्याला घोंगड्यात गुंडाळून छातीशी धरून चालायचे, बाकीचा कळप पायानं, ते एकटं आबांच्या काखंत. मी एकदा विचारलं, आबा, ह्याला उचललं मंग बाकीच्यांना का नाय? आबा म्हणले, बाकीच्यांना गरज नाय. माझ्या बालबुद्धीला वाटायचं ते कोकरू लाडकं हाय. दोन-चार दिवसांनी ते दिसायचं नाय, मी विचारायची नाय.

रांगेत उभं राहून मला हे सगळं आठवायलं होतं आन मी शंभूला उचलायले होते.

दवाखान्याच्या रांगा मला आता पाठ झाल्यात. एक गोष्ट मी तिथं बघितली. कुणाचा ॲक्सिडेंट झाला, कुणाच्या छातीत कळ आली की त्याला रांग नसती. ट्रॉली धडाधडा आत जाती, माणसं बाजूला होत्यात, दारं उघडत्यात. आन ओंकारसारख्यांची रांग तिकडं व्यायामाच्या खोलीबाहेर, भिंतीला लागून. तिथं पाय ताणून देत्यात, टाचेला पट्टी बांधून देत्यात. कुणी ओरडत नाय तिथं. बाकड्यावर पोरं बसलेली, आयांच्या मांडीवर डबा, पाण्याची बाटली. आम्हाला एकमेकींची तोंडं ओळखीची झाल्यात. एकेकाला आत जायला यायला वेळ लागतो, कारण त्यांना उठायलाच वेळ लागतो. जोराच्या दुखण्याला रांग नसती, हळूहळूच्या दुखण्याला असती. नाव आन झुकझुक गाडी. जत्रा न् दवाखाना मला एकच वाटायला लागलंय, हे खरं नाय, पण वाटतंय.

आन त्या व्यायामाच्या रांगेत कुणालाच घाई नसती, हे पण मी बघितलं. नंबर पुढं गेला तरी बाया म्हणत्यात, तुम्ही जा आधी, आमचं पोर झोपलंय. आत गेलं की कुणीतरी मोजणार, पाय किती वाकतो, मागच्या वेळंपेक्षा किती कमी. बाहेर बाकड्यावर तोपातूर पोर हाय तसं हाय.

गाडीच्या रांगेत ओंकार कठड्याला धरून उभा होता, बसत नव्हता, कारण बसला तर उठायला लोक बघत्यात. शहाणा हाय तो. नावंकडं बघत होता. नाव वर गेली की त्याचं तोंड वर, खाली आली की खाली. त्याला मी कधी नावंत बसवलं नाय. दांडा धरून ठेवायला हातात जोर लागतो, त्याच्या हाताचा काय भरवसा. मंग मला म्हणाला, "आई, रांग माझ्यामुळं लांब हाय का?"

मी म्हणलं, कोण म्हणलं तुला असं.

तो म्हणला, गाडीवाले काका म्हणले ना, चढायला टाईम लागतो म्हणून लांब हाय. मला सगळ्यात जास्त टाईम लागतो. नसीमआपा मध्येच म्हणाल्या, व्हय रे राजा, तू राजा हाय ना, राजासाठी सगळे थांबत्यात. त्या मराठी बोलायला लागल्या की समजायचं त्यांचा गळा भरून आलाय. ओंकार हसला. मंग मागं वळून पार चपलांच्या दुकानापातूर रांग बघून घेतली आन मान हालवली, खुश झाल्यासारखी. एवढी मोठी रांग त्यानं थांबवली म्हणून.

मंग आमचा नंबर आला.

इंजिन दुसऱ्या कुणी धरलं होतं, आम्हाला मागचा डबा मिळाला, हत्तीच्या तोंडाचा. डब्याला एक पायरी, फार उंच नाय, माझ्या नडगीएवढी. आदल्या वर्षी ती पायरी ओंकार कठडा धरून एकटा चढला होता. त्या दिवशी त्यानं पाय उचलला, पाय पायरीपातूर गेला न् खाली आला. परत उचलला. मागून कुणीतरी म्हणलं, ताई आवरा की, एका पोराला किती वेळ. आपा मागं फिरून त्यांच्याशी भांडायला लागल्या. मी ओंकारच्या मागं गेले, दोन्ही हात त्याच्या काखंत घातले, गुडघा त्याच्या बुडाखाली लावला आन वर लोटायला लागले. जड झालाय तो, औषधानं फुगलाय. माझा श्वास लागला. गाडीवाला येऊन त्याचे पाय धरायला लागला.

आन शंभू कठड्याशी खाली बसलेला होता, मातीत.

माझे दोन्ही हात गुंतलेले. त्याला उचलायला माझ्याकडं हात नव्हता. गाडीवाल्यानं शिट्टी तोंडात धरली आन शंभूला वाटलं गाडी निघाली, त्याला घेतलंच नाय, म्हणून तो उठायला लागला. मी ओंकारच्या खांद्यावरनं बघितलं. बघायचं नव्हतं. मान वळवायला पाहिजे होती. तो आधी पालथा झाला. दोन्ही हात मातीवर टेकले. ढुंगण वर काढलं. मंग एक हात उचलून गुडघ्यावर ठेवला.

मी ओंकारला सोडलं नाय, एवढंच मला माहीत हाय. तो डब्यात बसला, साखळी लागली. शंभू तवर उभा राहून माझ्या साडीला येऊन चिकटला होता, त्याच्या दोन्ही हाताला माती, ती माझ्या साडीवर उमटली. मी त्याला उचलून ओंकारच्या शेजारी ठेवला. शिट्टी वाजली. गाडी निघाली.

आपा माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. मी विचारलं, "आपा, तुम्ही बघितलं?"

त्या म्हणाल्या, "मैं तो गाडी देखरी थी, बेटा."

शंभू उठला तवा गाडी निघालीच नव्हती. मंग त्याच म्हणाल्या, छोट्या पोरांचं काय, सगळी अशीच उठत्यात, मेरे भी ऐसेच उठते थे. मी मान हालवली. त्यांनी माझा हात धरला, आन त्यांच्या बोटावर सुईचे जे खरखरीत वण हायेत ना ते मला लागत होते. गाडी आमच्या समोरून गेली. ओंकार दोन्ही हात वर करून, शंभू त्याच्या मांडीवर रेलून. दोघंबी हसत होते. ओंकार ओरडला, आई बघ. मी बघत होते. गाडी पलीकडच्या वळणाला गेली, मंग परत आली. एवढी हळू की मला त्यांचे दात दिसत होते. मला वाटत होतं अजून हळू कर रे बाबा. नुसती चालू ठेव, पुढं नेऊ नको.

त्या दिवशी घरी आल्यावर मी कुणाला काय सांगितलं नाय. ह्यांनी विचारलं, मजा आली का? पोरांनी सगळं सांगितलं, हत्ती, शिट्टी, आपांचं भांडण. मी साडी धुवायला टाकली.

मंग दिवाळीत आबा आले. एसटीनं, डोक्याला मुंडासं, पिशवीत मक्याची कणसं आन मेंढीच्या लोकरीचं जेन, म्हणजे जाड बसकर, ओंकारच्या पायाखाली टाकायला. जेवायला बसले. शंभू त्यांच्या समोर बसला होता, त्याच्या आबांना पाणी आणायचं म्हणून तो उठला. मी गॅसपाशी होते, तव्यावर भाकर होती, माझ्याकडं परत हात नव्हता. मी आबांकडं बघितलं. आबांचा घास हातातच राहिला. ते शंभू पुरता उभा राहीपातूर बघत राहिले, जसे मेंढरांत बसून बघायचे तसे. मंग भाकर मोडली आन जेवले. सगळं जेवले. पाणी शंभूच्या हातून घेतलं, त्याच्या डोक्यावरनं हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना रिक्षापातूर सोडायला गेले. ते मुंडासं नीट करत होते, उगाचच, ते नीटच होतं. मंग माझ्याकडं न बघता म्हणाले, "धाकट्याला उचलून घेत जा, बाई."

मी म्हणलं, "आबा, तुम्हीच म्हणायचे हात लावायचा नाय."

आबांनी पिशवी आत ठेवली. रिक्षात बसले. रिक्षा वळली तवा मला त्यांचं नुसतं मुंडासं दिसत होतं, खाली वाकलेलं.

ह्या वर्षी ओंकार चालत नाय. चाकाची खुर्ची आलीय, जुनीच हाय, एक चाक कुरकुरतं. आमच्या खोलीला दोन पायऱ्या हायेत, त्यामुळं त्याला आत-बाहेर करायचं तर हे घरी पाहिजेत, नायतर शेजारची पोरं. दवाखान्यातली बाई शंभूकडं बघून परत म्हणाली, तपासून घ्या. मी म्हणलं, घेते. मी त्या व्यायामाच्या खोलीत शंभूला आता न्यायचंच सोडलंय, आपांकडं ठेवून जाते. तो मशीनखाली बसून चिंध्यांची गाडी करतो, एकापुढं एक चिंध्या लावून, तासंतास. आपा सांगत्यात, उठायचं झालं की मी त्याला हात देते. मी सांगितलेलं नव्हतं त्यांना.

कधी कधी मला वाटतं की त्या रांगेत माझ्यासारख्या अजून असतील. कुणाच्या पोराला फेफरं येतं, कुणाचं हृदय कच्चं हाय, कुणाचं नुसतं भित्रं हाय, कुणाची आईच भित्री हाय. सगळ्या उन्हात पाय बदलत उभ्या, आन मोठ्या नाववाल्याला वाटत असंल, काय येडी माणसं हायेत, एवढ्याशा गाडीसाठी. ज्यांना सगळं जमतं त्यांना दहा पाळणे. ज्यांना काय जमत नाय त्यांना हा एक. मंग त्याची रांग लांब होणार नाय तर काय होणार. गाडीवाल्यानं बाकी सगळं सांगितलं, डबे, साखळी, चपला. पण मला वाटतं त्याला एक माहीत नाय. त्या रांगेतल्या आयांना घाई नसती. पोर मातीत बसून रेघा काढतंय, गाडी समोर दिसतीय, नंबर अजून आलेला नाय. तेवढा वेळ काय व्हायचं ते झालेलं नसतं.

परवा मी रस्त्याच्या कडंला बसले होते तवा शंभू इंजिनाला हात लावून परत आला. हात काळे, ग्रीस लागलेलं. माझ्या मांडीवर बसला. मागं कुणीतरी हातोड्यानं पाईप ठोकत होतं, टण टण. मला म्हणाला, आई, दादाला खुर्चीवरनं गाडीत कसं बसवायचं? म्हणलं, मी बसवीन. म्हणला, मला? म्हणलं, तुला पण. मंग त्यानं विचार केला.

"रांग लई लांब असंल का गं?"

"व्हय. लई लांब."

"मंग मला खाली बसता येईल," म्हणला. त्याला त्याचीच मजा वाटती, मातीत बसायची.

म्हणलं, बस. कपडे घाण होऊ दे. पण रांग हालली की आपलं आपण उठू नको, मला हाक मार.